सातव्या टप्प्याचा साक्षीदार

१

सारजाबाई वारली त्याला वर्ष होत आलं होतं. तिचा आवाज मात्र मागच्या आठवड्यात गेला.

शनिवारी दुपारी कृष्णराजचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका प्रिंटरशी हुज्जत घालत होते. कृष्णराज शाळेत कनिष्ठ लिपिक आहे आणि बोलतोही जावक क्रमांक टाकल्यासारखा, मोजून. त्या दिवशी त्याला वाक्य जुळेना. ‘आई’ नावाचा फोल्डर जागेवर आहे पण आत काहीच नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं. मी शटर ओढलं आणि निघाले.

येडशीच्या स्टेशन रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हर्षाली नावाची बाई कॉम्प्युटर खोलते म्हणून पहिलं वर्षभर लोक नुसते बघायला यायचे. मग त्यांचेच कॉम्प्युटर बिघडत गेले आणि बघायची हौस फिटली. घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणारे आता गावोगाव झालेत. त्या सगळ्यांची तक्रार एकच, आवाज फुटतो. म्हणून मशीनची परीक्षा घेणारा एक छोटा प्रोग्राम मीच जुळवलाय. त्याला गाणं द्यायचं. तो ते आधी एकदा वाजवतो, मग तेच गाणं दोन ट्रॅकवर एकदम, मग चार, मग आठ, असं करत सातव्या टप्प्याला चौसष्ट. प्रत्येक ट्रॅक केसभर मागेपुढे आणि त्याला घुमारा लावलेला. मशीन कुठल्या टप्प्याला दमतं आणि लाह्या फुटल्यासारखी तडतड कधी सुरू होते, ते तो लिहून ठेवतो आणि शेवटी पसारा आवरू का म्हणून विचारतो. पडद्याच्या मधोमध हिरवं चित्र, एंटर दाबलं की शेवटी दिलेलं गाणं पुन्हा सुरू. याहून जास्त बटणं माझ्या गिऱ्हाइकांना झेपत नाहीत.

कृष्णराजच्या मशीनची परीक्षा मी तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी घेतली होती. त्याची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मागची कडब्याची खोली. धनगराचं घर, त्यामुळे आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरचीच घोंगडी ठोकलेली. शहरातले लोक यासाठी कसले कसले फोम मागवतात, पण घोंगड्याची सर त्याला नाही. परीक्षेला मी ढोलकीचं रेकॉर्डिंग घेऊन गेले होते. कृष्णराज म्हणाला, आईच्या ओव्या लावू. ते बरोबरच होतं. एकट्या बाईचा मोकळा, लांब सूर असला की त्यातली बारीकशी तडतडही लपत नाही.

त्या अकरा ओव्या सारजाबाईने घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात म्हटल्या होत्या. बार्शीला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. पुढे दहा महिने ती बोटाने आणि डोळ्यांनी बोलली, आणि मग तीही गेली. ओव्या म्हणताना तिने लेकाकडून शब्द घेतला होता की हे मोबाईलवर गावभर फिरवायचं नाही. लेकाने तो इतका पाळला की दुसरी प्रतच काढली नाही. नऊ मिनिटांचं ते गाणं जगात एकाच ठिकाणी होतं.

शनिवारी मी त्या खोलीत दोन तास बसले. स्पीकर कुणीतरी खाली जमिनीकडे वळवून ठेवले होते, ते डोळ्याला खुपले म्हणून सरळ केले आणि शोधायला लागले. पुसलेलं परत आणायचे चार मार्ग मला येतात. चारही झाले. डिस्क मीच बसवलेली, नवी आणि वेगवान. तिच्यावरचं एकदा पुसलं की घटकाभरात कायमचं जातं. आवाज गेला होता आणि तो परत येणार नव्हता, हे मी कृष्णराजला सांगितलं.

त्याने डोळे पुसले नाहीत. मागच्या रविवारी फोल्डर भरलेला आपण स्वतः पाहिला होता, म्हणजे सहा दिवसांत कुणीतरी पुसलं, असं तो म्हणाला. आणि कोणी, तेही त्याला ठाऊक होतं.

"शिवशंकरनं केलं हे. गुरुवारी आईचं वर्षश्राद्ध हाय. तिच्या माहेरचा तेवढाच एक माणूस उरलाय, आन त्याला मी उंबरा ओलांडू देणार न्हाय."

२

शिवशंकर म्हणजे सारजाबाईच्या भावाचा मुलगा. ढोकीत राहतो, लग्नांत डीजे लावतो. आत्याच्या ओव्यांखाली ठेका टाकून ते गाणं वाजवायचं त्याच्या मनात होतं. तीन वेळा मागितलं, तीन वेळा नकार मिळाला, आणि मागच्याच रविवारी दोघांची अंगणात चांगली जुंपली. तुझ्याकडं राहून तरी काय उपयोग, असं शिवशंकर जाताना म्हणाला होता. एवढ्या वाक्यावर फाशी द्यायला कृष्णराज तयार होता.

मी म्हटलं, गुरुवारपर्यंत थांबा. वर्षश्राद्धाला माहेरचं माणूस जेवलं नाही तर सारजाबाईलाच ते लागलं असतं, आणि उगाच तुटलेली नाती मी फार बघितलीत. शिवाय मला राग आला होता. मी तपासलेल्या, मी बसवलेल्या मशीनमधून कुणी माझ्या नाकावर टिच्चून चोरी करतं म्हणजे काय?

आधी सोनालीवहिनींना गाठलं. कृष्णराजची बायको, अंगणवाडीत नोकरी, सकाळी दहा ते तीन घराबाहेर. सासू गेल्यापासून नवरा त्या खोलीतून बाहेर निघत नाही याचा त्यांना राग होता आणि त्यांनी तो लपवला नाही. एकदा भांडणात आपण म्हणालो होतो की टाका पुसून एकदाचं, तेही सांगितलं. अंगणवाडीचे सगळे तक्ते त्या मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर भरतात, म्हणजे पुसायला येत होतं. पण ज्याने खरंच पुसलंय तो ‘मीच म्हणाले होते पुसा’ असं आपणहून सांगत बसत नाही. त्यांची खरी काळजी सासऱ्यांची होती. दोन-तीन आठवड्यांपासून आण्णा दुपारी जेवतच नाहीत, भाकरी झाकलेली तशीच असते, तीनला मी आले की मग दोन घास खातात, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मशीन अलीकडे काही कुरकुर करत होतं का, असं कृष्णराजला विचारलं. रोज संध्याकाळी चालू केलं की मागच्या वेळी नीट बंद केलं नव्हतं म्हणून तक्रार करायचं, असं तो म्हणाला. त्याला वाटलं, दुपारी लाईट जाते, त्यामुळे असेल.

"पण खोलीला इन्व्हर्टर आहे ना?"

"हाय की," तो म्हणाला. लाईट गेली तरी ते मशीन बंद पडायचं काहीच कारण नव्हतं. शिवाय दुपारी ते चालूच कशाला असेल?

कडूबाईंचं नाव त्यानंतर आलं. सारजाबाई आणि त्या लग्नाआधीपासूनच्या मैत्रिणी, जात्याच्या दोन बाजूंना बसून दोघींनी अर्धं आयुष्य काढलं. वरीस झालं की मेलेल्याला सोडून द्यावं, आवाज यंत्रात अडकवून ठेवू नये, असं त्या चारचौघांत बोलल्या होत्या. पण त्या पंधरा दिवस लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या होत्या आणि शुक्रवारी संध्याकाळी परतल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, मला तिचा आवाज ऐकू आला तर मी तिथंच बसेन, पुसायला माझा हात कसा उठेल?

निघताना कृष्णराजचे वडील भेटले. बब्रुवान आण्णा, सत्तरी ओलांडलेले, डोक्याला पटका, शेळ्यांना पाला टाकत होते. मेंढरं विकली, आता सात शेळ्या आहेत. परीक्षेच्या रविवारी ते दारात काठी धरून उभे होते, माझा हात कुठे जातो ते बघत. पाचवा टप्पा उलटून तडतड सुरू झाली तशी ते निघून गेले. म्हातारा कंटाळला असं मला वाटलं होतं. दुपारी घरी एकटे तेच असतात, म्हणून कोणी आलं-गेलं का ते विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. त्यांना टीव्हीचा रिमोटही कळत नाही, आण्णांना कशाला छळता, असं कृष्णराज म्हणाला.

आण्णांनी मात्र मला एक विचारलं. "ताई, लई वापरली की वस्तू झिजती का वो त्यातली?"

माझं लक्ष गाडीच्या किल्लीकडे होतं. "कुठलीही वस्तू वापरली की झिजतेच आण्णा," मी म्हणाले, आणि किक मारली.

३

रविवारी ढोकीला गेले. शिवशंकर कारखान्याच्या रस्त्याला आपल्या टेम्पोवर स्पीकर चढवत होता. आडदांड गडी, पण आत्याचं नाव काढलं की आवाज खाली येतो. आवाज पुसला गेल्याचं त्याला माझ्याकडूनच कळलं, निदान त्याचा चेहरा तरी तसं सांगत होता. तो टेम्पोच्या फाळक्यावर बसला आणि बराच वेळ स्पीकरच्या जाळीवरून बोट फिरवत राहिला.

या आठवड्यात तुझी मोटरसायकल त्यांच्या दारात शेजाऱ्यांनी पाहिली, असं मी म्हटलं. हा दगड मी अंधारात मारला होता.

"मंगळवारी गेलतो की," तो म्हणाला. "आण्णामामाला सांगणार हुतो, कृष्णराजला समजवा म्हणून. दोन वाजायला आले असतील. आत बायका गायलत्या. म्हटलं, वर्षश्राद्धाचं काय ठरवायला जमल्या असतील, गड्यामाणसानं मधी कशाला जावं. तसाच माघारी फिरलो."

"किती बायका?"

"धा-पंधरा तर असतील. एकच चाल, समद्या एकसुरात. आत्या गायची तसल्याच ओव्या."

मी तिथूनच सोनालीवहिनींना फोन लावला. मंगळवारी दोन वाजता त्या अंगणवाडीत होत्या, कृष्णराज शाळेत होता, कडूबाई परगावी. घरात एकही बाई नव्हती. पंधरा सोडा.

म्हणजे शिवशंकर खोटं तरी बोलत होता, नाहीतर रिकाम्या घरात पंधरा बायका ओव्या गात होत्या. आणि खोटं बोलणाऱ्याने याहून बरं काहीतरी शोधून काढलं असतं.

४

सोमवारी संध्याकाळी दुकानात नळदुर्गचे महांतप्पा आले. वयस्कर भजनीबुवा, नातवाने घेऊन दिलेला लॅपटॉप, तक्रार नेहमीची. मी त्यांचा एक अभंग माझ्या प्रोग्रामला दिला आणि चहा सांगितला. पाचव्या टप्प्याला शेजारचा शिंपी मशीन सोडून आला आणि भजनी मंडळ कधी आलं म्हणून आत डोकावला. आत महांतप्पा एकटेच बशीतून चहा पीत होते.

मी जागेवरून उठलेच. एकट्या माणसाचा आवाज सोळा ट्रॅकवर केसभर मागेपुढे, घुमाऱ्यासकट वाजला की बाहेरच्याला तो मेळाच वाटतो. शिवशंकरने पंधरा बायका ऐकल्या नव्हत्या. त्याने सोळा सारजाबाई ऐकल्या होत्या. मंगळवारी दोन वाजता त्या खोलीत माझी परीक्षा चालू होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. माझा प्रोग्राम प्रत्येक वेळी काय झालं ते लिहून ठेवतो, आणि सगळं मशीन पालथं घालताना मी तेवढी यादी उघडली नव्हती. ती परीक्षा आम्ही एकदाच, तीन आठवड्यांपूर्वी घेतली असं मी धरून चालले होते. कृष्णराजला फोन करून ती यादी मागवली. त्याने ती न वाचताच पाठवली.

पहिली नोंद आमच्या रविवारची, सातही टप्पे, आवरायला मी नको म्हटलेलं. त्यानंतर सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज एक नोंद, दुपारी सव्वाच्या सुमारास. पहिला टप्पा पूर्ण, नऊ मिनिटं. दुसरा सुरू होताच सगळं बंद. पुढच्या आठवड्यातही तसंच. शनिवार-रविवार, कृष्णराज घरी असताना, काही नाही. असे अकरा दिवस. बारावा तो मंगळवार. त्या दिवशी परीक्षा थांबली नाही. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, तासाभराहून जास्त वेळ चालून सातवा टप्पा संपला. त्याखाली माझ्याच शब्दांत एक ओळ होती, पसारा आवरला.

खरी गोष्ट त्याच्या पुढे होती. बुधवारी सव्वाला पुन्हा सुरू केलं, नोंद म्हणते आवाज सापडला नाही. गुरुवारी तीन वेळा, आवाज सापडला नाही. शुक्रवारी चौदा वेळा.

मी ते चौदा वेळा मोजलं. चोर चोरी केल्यावर तीच वस्तू शोधायला परत येत नाही. ज्याने पुसलं त्याला आपण काय केलं ते कळलंच नव्हतं.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. हा माणूस मशीन बंद करताना भिंतीवरचा खटकाच दाबत होता. शिवशंकर आणि सोनालीवहिनी असं कधी करणार नाहीत. त्याने स्पीकर जमिनीकडे वळवले होते, म्हणजे तो खुर्चीवर न बसता खाली बसत होता. दुपारी सव्वाला तो घरी असायचा आणि त्या वेळी त्याची भाकरी झाकलेलीच राहायची. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून शेवटी आलेला प्रश्न त्याने वाचला नाही. हिरवं चित्र आणि एंटर, एवढं मात्र त्याला ठाऊक होतं, कारण परीक्षेच्या दिवशी दारात उभं राहून त्याने माझा हात बघितला होता.

मी महांतप्पांचा लॅपटॉप मिटला आणि उद्या या म्हटलं. मला काही सुचत नव्हतं. मी शोधून काढलेल्या चोराचं नाव सांगितलं तर शिवशंकर सुटत होता, आणि एक म्हातारा माणूस उरलेलं आयुष्य ते ओझं वाहणार होता. न सांगितलं तर गुरुवारी सारजाबाईच्या ताटावर माहेरचं कोणी नसणार होतं.

५

मंगळवारी कृष्णराजला मधल्या सुट्टीत घरी यायला सांगितलं आणि मी स्वतः सव्वाच्या जरा आधी पोचले. शेळ्या सावलीला बसल्या होत्या. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

आण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते. पटका काढून मांडीवर ठेवलेला. मशीन चालू होतं, स्पीकर पुन्हा खाली वळवलेले. ते एंटर दाबत होते, थोडं थांबत होते, आणि परत दाबत होते. पडद्यावर मी लिहिलेली ओळ येत होती, आवाज सापडला नाही. त्यांना ती वाचता येत नव्हती.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. त्यांनी दचकून हात मागे घेतला, आणि मग मी विचारायच्या आधीच बोलले.

"म्या झिजवला तिचा आवाज. तुमीच म्हणलाव न्हाय का, वापरली की वस्तू झिजतीच. रोज ऐकून ऐकून म्या संपवला. पोराला सांगायचं धाडस झालं न्हाय."

असं कानफटात आयुष्यात कोणी मारलं नव्हतं. गाडीची किल्ली शोधता शोधता मी त्यांना काय देऊन गेले होते ते तेव्हा कळलं. ऐकून आवाज झिजत नाही, लाख वेळा ऐका, हे मी त्यांना सांगितलं. जुन्या कॅसेटी झिजायच्या की, असं ते म्हणाले. मी म्हटलं, हे तसं नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. शेळी खरं आजारी आहे की नाटक करतेय, हे ओळखणारी ती नजर होती.

"रोज एकदा ऐकून बंद करत होतात," मी म्हणाले. "मागच्या मंगळवारी का नाही केलं?"

ते पटक्याची घडी चाचपत राहिले. दारात कृष्णराज कधी येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही, आण्णांनाही नाही.

"पयल्यांदा ती एकलीच म्हणायची. मग एकीच्या दोघी व्हायच्या, आन मला भ्या वाटायचं. म्हणून खटका दाबायचो. फुडं काय होतंय ते त्या रविवारी दारात उभं राहून ऐकलं हुतं की. तडतड व्हती." ते थांबले. "शेवटच्या आठ दिसांत तिच्या नरड्यातनं असाच आवाज यायचा. म्या मेंढरं घिऊन रानात जायचो. कुणीबी राखली असती मेंढरं, पर म्याच जायचो. ती गेली तवा म्या रामलिंगाच्या माळावर हुतो."

मी हात लांबवून पडदा बंद केला.

"मंगळवारी म्हटलं, आता उठायचं न्हाय. फुटू दे, तडतडू दे, काय व्हायचं ते हू दे. पुरं होईस्तवर बसलो. मग ती गप झाली. म्हटलं, झालं, आता पयल्यासारखी मोकळ्या गळ्यानं म्हण. आन तेच बटण दाबलं."

त्यांच्यासाठी एंटर म्हणजे सारजा गाते, एवढंच होतं. पसारा आवरू का, म्हणजे परीक्षेला दिलेली गाणी पुसू का, असं मशीनने विचारलं होतं, आणि एंटर दाबलं की हो, हे मी ठरवलं होतं. कारण मला घाई असते आणि गिऱ्हाइकांचा कचरा पुसून टाकायची सवय आहे. कृष्णराजने तिथे प्रत न ठेवता मूळ फोल्डरच दिला होता, आणि प्रत आहे ना, हे मी विचारलं नव्हतं. कुंपणच शेत खातं तेव्हा राखणदाराला काय विचारायचं? मी त्यांना सांगितलं की चूक माझी होती, त्या बटणाला तसं शिकवणारी मी.

"प्रत काढली न्हाय ती मी," कृष्णराज दारातून म्हणाला. "आण्णा, तुमचं काय न्हाय त्यात."

आण्णांनी वळून पाहिलं. लेकाला बघून ते घाबरतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी फक्त पटका डोक्याला गुंडाळला.

"तुमी दोघं मला सांभाळून घ्यायलाव," ते म्हणाले. "मेंढरांभवतीची जाळी कुणी विणली, वाघूर कुणी बांधली, ते नंतरचं. मेंढरू ज्याच्या हातनं गेलं, त्याच्या हातनं गेलं. त्या दिशी राखण माझी व्हती."

धनगराच्या घरात हे असंच मोजतात, आणि त्यांचं खोटं आहे असं मला म्हणवेना.

कृष्णराज आत आला. तो ओरडेल, रडेल, मला दोष देईल, सगळ्याची मी तयारी करून आले होते. तो बापासमोर खाली बसला आणि मशीनकडे पाठ केली.

"तुमी तरी ऐकलं," तो म्हणाला. "मी कधी ऐकलंच न्हाय, आण्णा. तिनं म्हटलं तेव्हा आवाजाची सुई लालात जाती का बघत होतो. टेस्ट घेतली तेव्हा आकडे बघत होतो. वर्षभर म्हटलं, आवाज स्वच्छ करतो, मग निवांत बसून ऐकतो." मग त्याने विचारलं, "पहिली कोणती होती?"

आण्णांनी डोळे मिटले. गाता येत नव्हतं म्हणून त्यांनी ती नुसतीच सांगितली.

"रामलिंगाच्या वनात मोर बोलतो पहाटं, माझ्या धनगर राजाची काठी वाजती पायवाटं."

तो राजा समोर मांडी घालून बसला होता. मी उठून अंगणात गेले आणि शेळ्यांकडे बघत उभी राहिले. मला रडू आवरेना.

६

त्याच संध्याकाळी कृष्णराज ढोकीला गेला. शिवशंकरशी काय बोलला ते मी विचारलं नाही. गुरुवारी शिवशंकर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता आणि त्याने पत्रावळी मांडायला घेतल्या होत्या. माझ्या प्रोग्राममधून ते आवरणं मी काढून टाकलंय. आता कुणाचा पसारा पडला तर पडू दे.

प्रती ठेवायला दुसरी डिस्क मी कृष्णराजला न मागता फुकट बसवून दिली. त्याने ती घेतली आणि आभार मानले, पण तिच्यात ठेवायला त्याच्याकडे काही नव्हतं. कडूबाईंनी सारजाबाईच्या ओव्या म्हणाव्यात आणि आपण त्या रेकॉर्ड कराव्यात, असं मी सुचवून बघितलं. तिच्या तिच्या होत्या, माझ्या गळ्यात त्या माझ्या होतील, असं म्हणून त्यांनी ते तिथेच मिटवलं. आठवतील तेवढ्या सांगायला मात्र त्या तयार झाल्या.

जेवणं झाल्यावर मंडळी पांगली आणि घरचे तेवढे ओसरीवर बसले. कृष्णराजने शाळेतला कोरा कागद आणला, समास आखला आणि एक ते अकरा आकडे घातले. चार त्याला स्वतःला आठवत होत्या. आण्णांनी आणखी तीन सांगितल्या, बोटांवर धरून, मध्येच थांबून, ओठ हलवत. आठवी कडूबाईंची. नववी शिवशंकरला ठाऊक होती, ती सारजाबाईच्या माहेरच्या गावची होती, आणि ती सांगताना त्याला दोनदा उठून चूळ भरायला जावं लागलं.

दहावी आण्णांना अर्धी आल्यासारखी वाटली. त्यात विहिरीचं काहीतरी होतं. बराच वेळ ते तोंडातल्या तोंडात चाल धरत राहिले. ती आली नाही. अकरावीचं कुणाला काहीच आठवेना. बारा दिवस जो माणूस रोज ती ऐकत होता, त्यालाही नाही. शेवटी शेवटी आपल्याला डोळा लागायचा, असं त्याने खाली मान घालून सांगितलं.

कृष्णराजने कागदावर तारीख टाकली. दहा आणि अकराच्या पुढे त्याने काही लिहिलं नाही, आणि ते आकडे खोडलेही नाहीत.